उर्वशीनं नेलेली हाक

घाटंजीच्या सत्यभामाबाईनं नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नाही. श्रावणाला ती राखीचा महिना म्हणायची. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, तरी पितरांच्या पंधरवड्यात ताट वाढून हाक तीच, "या जी, जेवाले."

यंदा ताट वाढायच्या आधी नात उर्वशीनं तिच्या दोन्ही कानांत हरभऱ्याएवढे माईक बसवले.

"कान तं बारशालेच टोचले माहे, आता काय राह्यलं?" म्हातारी करवादली.

"हलू नको, आजी. तुले जसं ऐकू येते, तसंच मले तिकडं न्यायचं आहे."

तिकडं म्हणजे डेन्मार्कला. आवाज कोणत्या बाजूनं आला हे माणसाला कसं कळतं, याचा सहा महिने अभ्यास. बंद खोली, चहूकडं स्पीकर, मधात खुर्ची. माणसानं डोळे मिटून आवाजाकडं बोट दाखवायचं.

दिवाळीनंतर तिचा व्हिडिओ कॉल आला. पोरीचा चेहरा उतरला होता.

"आजी, त्या दिवशी हाक मारली तवा तुह्या मांगं कोण होतं?"

"भिंत होती."

"हाक संपली का कट् असं वाजते. सुपारी फोडल्यासारखं. अकरा जणांनी ऐकलं, अकराही जणांनी मांगं डाव्या अंगाले बोट दाखवलं. रेकॉर्डिंग तपासलं तं त्यात काहीच नाही." तिनं मागं वळून पाहिलं. "आता स्पीकर बंद असले तरी मले ऐकू येते. घरीसुद्धा."

सत्यभामाबाईचे हात मांडीवर पडून राहिले, कोणा दुसऱ्याचे असावेत तसे. मागं, डाव्या अंगाला, खुंटीवर नवऱ्याचा अडकित्ता होता. ताट वाढून हाक मारली की तो कट् ती नऊ वर्षं ऐकत आली होती. कोणाजवळ बोलली नव्हती. घरातलं होतं, घरात होतं.

"किती खेपा वाजवली ते हाक?"

"दोनशेच्या वर."

"दोनशे खेपा जेवाले बोलावलं, अन् एक खेप तरी ताट वाढलं का, शिकलेल्याहो?"

उर्वशी हसली नाही. "जवळ येऊन राह्यलं, आजी. काल मांगं होतं. आज खांद्यापाशी."

"फोन ठेवू नको."

म्हातारीनं भाकर, बेसन, ठेचा वाढला. भिंतीला पाठ लावून बसली. "या जी, जेवाले."

भिंतीकडून काही आलं नाही. फोनमधून आला कट्. पोरीची मान डावीकडं झुकली.

ही हाक तर तिकडंही होती. याच गळ्याची. त्याला इकडची कोणती कळावी?

सत्यभामाबाईनं पदर डोक्यावर घेतला. ओठ दोनदा उघडून मिटले.

"श्रावण," ती म्हणाली. "घरी या."

फोनमधून कट् आला नाही.

"गेलं," उर्वशी रडू लागली. "गेलं, आजी. तिकडं आलं का?"

म्हातारीनं होकारार्थी मान हलवली.

"कुठून आलं? बोट दाखव बरं."

सत्यभामाबाईनं डोळे मिटले. बोट डावीकडं उचललं, थांबलं. मागं भिंतीकडं वळलं, तिथंही थांबलं.

मग हळूच येऊन कपाळाला टेकलं. पूर्वी कुंकू असायचं, तिथं.