साथ संपल्यावर

“साकु! अहो, बास की आता!”

कानडीतलं ‘पुरे’ ऐकून मी दचकले. बाळीवेशीतल्या सार्वजनिक नळावर मी हात धूत होते, आणि मागे खांद्याला पिशवी अडकवलेला एक तरुण उभा... साल पंचाहत्तर. सोलापुरात गॅस्ट्रोची साथ होती. आरोग्य खात्याचा हा शिवपुत्र हौदांत औषधी पावडर टाकायला आला होता.

“तुम्हीच सांगता की, हात धुवा म्हणून!” मी फणकारले.

“धुवा म्हणतो हो. सोलून काढा म्हणत न्हाय.”

त्याची नजर माझ्या भेगाळलेल्या बोटांवर होती. मी ती पदराखाली लपवली.

हे माझं जुनं दुखणं. हात एकवीसदा धुवायचे. मोजणी चुकली की पुन्हा पहिल्यापासून. गल्ली हसायची. साथ आली आणि त्याच बायका म्हणू लागल्या, “महादेवीकडनं शिका गं स्वच्छता!” इतकी वर्षं वेडी ठरलेली मी एकदम शहाणी ठरले... आणि एकविसाचे शंभर झाले.

दुसऱ्या दिवशी त्यानं हळूच विचारलं, “कितीपर्यंत मोजता?”

हे मला कधी कुणी विचारलंच नव्हतं. मी सांगून टाकलं.

“मग आज एक कमी. जीव घाबरला तर – मी हाय की हितं. गप्पा मारू.”

जीव घाबरायचाच. हात पुन्हा नळाकडे जायचे. तो मात्र कठड्यावर बसून मावशीच्या खोडकर म्हशीचे किस्से सांगत राहायचा, आणि मला हसू फुटायचं. महिन्याभरात शंभराचे सत्तर झाले. भेगा भरू लागल्या.

मग एके सकाळी भोंग्यावर जाहीर झालं – साथ आटोक्यात आली. गल्ली आनंदली. मी नळाशी रडवेली उभी.

“आता तुम्ही येणार नाही,” मी म्हणाले. “सगळ्यांची भीती संपली. माझी... माझी संपायची नाही हो. कदाचित कधीच.”

त्यानं सायकल भिंतीला टेकवली. कान लाल झाले होते.

“एक सांगू? हितली ड्यूटी पंधरा दिवसांपूर्वीच संपलीय माझी. आता होटगीला असतो. तिथनं रोज सायकल मारत येतो.”

“कशाला?”

“हौदासाठी तर न्हवं...”

होटगीच्या रस्त्याची धूळ त्याच्या हातांवर बसली होती. मी माझा हात पुढे केला. तो चपापला.

“मळलाय हो माझा,” तो पुटपुटला.

“असू दे,” मी म्हणाले, आणि धरला.