खुंट्याला बांधलेला हात

मानवतच्या कापसाच्या जिनात मी तेलवाला होतो, यंत्रांना तेल घालायचो. इंजनावरून पट्टे निघायचे, पट्ट्यांवर यंत्रं फिरायची, कापूस एकीकडं न् सरकी एकीकडं पडायची. पट्टा उतरला की धडधाकट यंत्रसुद्धा गप्प.

एकोणीसशे एक्केचाळीसच्या पौषात माझ्या बायकोची, बायनाबाईची, उजवी बाजू गेली. पाय पुढं ओढत का होईना चालला. हात मेलेलाच राहिला. शेजारची नर्मदाबाई म्हणाली, "आश्रुबा, तापल्या विळ्याचा डाग दे." उंबऱ्यावरूनच हाकललं तिला. बैल दुखला की डाग, बाई दुखली की डाग. अक्कल तेवढी कुणी डागत नाही. दवाखान्यातल्या डाक्टरांनी मात्र मला कळेल असं सांगितलं, "हात शाबूत आहे. डोक्यातून निघालेला हुकूम शिरांतून त्याच्यापर्यंत पोचत नाही. तुमच्या जिनातला पट्टा उतरतो ना, तसं."

म्हणजे पट्टा चढवायचा. मला एवढंच समजलं.

रोज पहाटे मी तिच्यासमोर जात्यावर बसायचो. तिचा हात खुंट्यावर, त्यावर माझा उजवा, दोन्ही जुन्या लुगड्याच्या पट्टीनं घट्ट बांधलेले. नर्मदाबाई भिंतीवरून हसायची. "आश्रुबा, आता कुकूबी लाव की!"

"लावतो. तुझा नवरा एक दिवस जात्यावर बसीव, मग लावतो."

तीन महिन्यांनी जातं एकाएकी हलकं लागलं.

"बायने, वढायलीस का गं?"

"मी न्हाई. तुमीच वढायलाव."

मी पट्टी सोडली, हात मागं घेतला. तिचा हातही मागं आला. मी मूठ वळली. तिची वळली. दवाखान्यात नेलं, तर डाक्टरांनी तिच्या बोटात सुई टोचून बघितली. तिला कळलंसुद्धा नाही. "हाताला हुकूमच नाही," ते म्हणाले.

होता. माझा होता.

आम्ही कुणाला बोललो नाही. दुपारच्या सुट्टीत मी जिनात बसून स्वतःच्या गालावरून हळूच हात फिरवायचो. घरी गेलो की ती डाफरायची, "आज दोनदा फिरवलाव! नर्मदाबाई म्होरं बसल्या व्हत्या, लाज हाय का?" आणि पदरात हसायची.

पुढच्या हंगामाच्या तिसऱ्याच दिवशी पट्ट्यानं माझा तोच उजवा हात ओढून नेला. कोपरापासून गेला. मेव्हण्यानं, बन्सीधरनं, तो फडक्यात गुंडाळून शेताच्या बांधाला, काळ्या मातीत पुरला. मला रडू आलं ते बायनाच्या हाताचं. आता त्याला हलवणार कोण?

घरी आलो. ताट समोर आलं. सवयीनं मी नसलेला हात उचलला.

बायनाच्या हातानं भाकरी मोडली. माझ्या तोंडाशी धरली.

"खावा," ती म्हणाली. "तुमचाच हात हाय."

सात वर्षं झाली. निजाम गेला. आम्ही दोघं अजून त्याच हातानं जेवतो.

बायना घराबाहेर पडत नाही. तिचा हात रोज सकाळी मीच धुतो, काडीनं नखं कोरतो.

जेवायला बसेपर्यंत नखांत पुन्हा ओली काळी माती असते.