दोघींचा शीण

मिरजेच्या श्रमविज्ञान प्रयोगशाळेत सगुणा बरकडे पलंगावर पडून होती आणि तिचा शीण वाढत होता. पडून राहिल्याने शीण वाढणं शास्त्रात बसत नाही, म्हणून तर तिला इथे बोलावलं होतं.

सगुणा एकेकाळी देशासाठी मॅरेथॉन धावायची. बर्लिन, नैरोबी, टोकियो, सगळीकडे चौथी. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी बसून वाटाणे सोलतानाही तिच्या पोटऱ्या भरून यायच्या. गावातल्या डॉक्टरांनी आधी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या, मग डोक्याच्या. नवऱ्याचं निदान वेगळं होतं : "तुला माझा कंटाळा आलाय."

"आता इकडे बघा," डॉ. फातिमा अत्तार म्हणाल्या आणि त्यांनी भिंतीवरचा टीव्ही लावला.

मृणाल सरदेशमुख गड चढत होती. थेट प्रक्षेपण. सुवर्णपदकवाली मृणालताई, शिबिरात सगुणाच्या खोलीत राहणारी, आता क्रीडा महासंघाची अध्यक्ष. ती एक पायरी चढली की सगुणाच्या उशाशी ठेवलेल्या शीणमापकाचा काटा वर सरके. ती फोटोसाठी थांबली. काटाही थांबला.

"हे काय आहे?" सगुणाने विचारलं.

"शिबिरात पाठीत नाडीमापक बसवला होता ना?"

"सगळ्यांनाच बसवला होता."

"तुम्हा दोघींचा वेगळा आहे. त्याला श्रमवाहक म्हणतात. शीण म्हणजे शरीराने मेंदूला धाडलेला निरोप. तिच्या पाठीतलं यंत्र तो वाटेत अडवतं आणि तुमच्या पाठीत पाठवतं. पाय तिचे, शीण तुमचा. बाई, तुम्ही बेचाळीस नाही, चौऱ्याऐंशी किलोमीटर धावत होता."

"आणि चौथी येत होते."

"हो. ते मलाही झेपलेलं नाही."

सगुणा उठून बसली. "हा शीण जातो कशाने?"

"झोपेने."

"कुणाच्या?"

"ज्याच्याकडे साठलाय त्याच्या."

शर्यतीच्या आदल्या रात्री मृणालताई न चुकता सगुणाच्या अंगावर पांघरूण घालायची, दिवा मालवायची आणि म्हणायची, "नीट झोप हं, सगू." अजूनही रोज तिचा तोच मेसेज येतो. सगुणाने त्यावर दरवेळी हात जोडलेले पाठवले होते.

पडद्यावर मृणाल वार्ताहराला सांगत होती, "थकवा मनात असतो. आमच्यात एक मुलगी होती. पाय होते, जिद्द नव्हती."

"हे काढा," सगुणा म्हणाली. आवाज अगदी साधा होता. डॉक्टर एक पाऊल मागे सरकल्या.

"मणक्यात रुजलंय. काढलं तर पाय जातील."

"उलटं फिरवा."

"बाहेरून फिरत नाही. पण एका शरीरात मावतो तेवढाच शीण मावतो. त्यापुढे गेला की प्रवाह आपोआप उलटतो. कायमचा."

"मग इतकी वर्षं कसा नाही उलटला?"

"तुमचं शरीर दोघींचा शीण मावेल इतकं कसलेलं होतं. शिवाय तुम्ही नीट झोपत होता."

"आणि आता?"

डॉक्टरांनी तिच्या सुटलेल्या पोटाकडे पाहिलं आणि सभ्यपणे नजर काट्याकडे वळवली. "आता जागा कमी आहे. आणि तिकडे त्या बाई गड चढतायत."

सगुणा ट्रेडमिलवर चढली. चप्पल काढली, पदर खोचला.

"हृदयाला धोका–"

"ते दोघींचं काम करत आलंय. करेल."

ती धावली. शीण दोन्हीकडून आला : मृणालच्या पायऱ्यांचा आणि तिचा स्वतःचा. मांड्या पेटल्या, डोळ्यांपुढे काजवे आले. प्रत्येक पावलागणिक ती मृणालताईला अशा शिव्या देत होती, ज्या तिच्या माण तालुक्याबाहेर कुणी कधी ऐकल्या नव्हत्या. काटा तांबड्या रेघेला टेकला. ओलांडून गेला. आणि एकदम शून्यावर पडला.

सगुणाचे पाय चालूच होते. पण त्यांचं वजन गेलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा ती नुसती धावत होती.

गडावर मृणालताई पायरीवर बसली. मग आडवी झाली. "मॅडम, जरा हसून," कॅमेरावाला म्हणाला. मॅडमना डोळे उघडवेनात. अखेर लोकांनी त्यांना डोलीत घालून खाली न्यायला सुरुवात केली. वार्ताहर म्हणाला, "अध्यक्ष ध्यानस्थ झाल्या आहेत."

"पट्टा थांबवू?" डॉक्टरांनी विचारलं.

"का? मी कुठे थकलेय? फोन द्या जरा."

धावता धावताच तिने लिहिलं, 'नीट झोप हं, ताई.' पाठवलं.

मग वेग वाढवला.