डावीकडच्या सीटचा गारठा

मोबाइल बाजूला ठेवा अन् नीट ऐका. मधी कोणी फिदीफिदी केलं तर मी सरळ उठून झोपायला जाईन. ही गोष्ट आपल्या बुद्धभूषणची. चिकलठाण्याला जालना रोडवर त्याचं गॅरेज, तुम्ही पाहिलंय. घरात बावीस प्रतिज्ञा सगळ्यांना तोंडपाठ, भूतखेत मानायचा सवालच नाय. म्हणून तर त्यानं सांगितलं ते मी खरं धरलं.

गेल्या डिसेंबरची अठरा तारीख, गुरुवार. अमावास्या दुसऱ्या दिवशी होती, तेव्हा उगाच तिचं नाव घेऊ नका. सकाळी करमाडचे तात्यासाहेब आपली लाल गाडी घेऊन आले. जपानी, दोनच सीटची, तीस वर्षं जुनी, शर्यतीच्या गाडीसारखी जमिनीला टेकलेली. उतारवयातली हौस, दुसरं काय! म्हणाले, हीटर नीट कर, ऊब येतच नाय.

बुद्धभूषणला हसू आलं. आपल्याकडं हीटर लागतो कोणाला? पण म्हाताऱ्याचं तोंड बघून त्यानं ते गिळलं. तात्यासाहेबांनी मग सगळं सांगितलं. दोन हिवाळ्यांमागं त्यांच्या बायकोला, सरूबाईंना, न्युमोनिया झाला. रात्री दवाखान्यात न्यायला हीच एक गाडी दारात होती. शेंद्र्याजवळ बाई म्हणाल्या, पाय लई गार पडलेत, जरा ऊब लावा. यांनी हीटरचा खटका पार टोकाला नेला, तरी गारच वारा आला. शहर येईस्तोवर बाई गेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसंच निकामी झाली होती, हीटर असून काही फरक पडला नसता. पण ते म्हाताऱ्याच्या मनाला पटेना.

"जाता जाता एवढंच मागितलं तिनं," ते म्हणाले, "अन् माझ्या हलगर्जीपणानं तेवढंही झालं नाय."

गाडी ठेवून ते बसनं गावी गेले. बुद्धभूषण कामाला लागला. इंजिनाचं पाणी भरलेलं होतं, पंखा जोरात होता. हीटरला जाणारे दोन्ही पाइप त्यानं हातानं चाचपले, तर दोन्ही कोमट. म्हणजे हीटर चोंदलेला नव्हता, इंजिनच तापत नव्हतं. मग त्यानं थर्मोस्टॅटची जागा उघडली. थर्मोस्टॅट म्हणजे छोटंसं पितळी झाकण बघा. पाणी गार असलं की मिटतं, चांगलं तापलं की उघडतं, त्याच्यामुळंच इंजिनात ऊब धरते. ती जागा रिकामी होती.

अन् त्याला आठवलं. सहा वर्षांमागं मे महिन्यात हीच गाडी वाफा सोडत आली होती. थर्मोस्टॅट मिटलेलाच अडकून बसला होता. नवा बसवायचा सोडून यानं जुना उपसून काढला. काढताना स्क्रूड्रायव्हरनं कडेला खोल खाच पडली, अन् दिला भंगारात फेकून. उन्हाळ्यात आपल्याकडचे कितीतरी मिस्त्री हेच करतात. गाडी तापायची थांबली, मालक खूश. काय काढलं ते मालकाला सांगायचीही गरज याला वाटली नव्हती.

संध्याकाळपर्यंत त्यानं नवा बसवला, पाइपातली हवा काढली. तात्यासाहेबांचा फोन आला, काय निघालं? बुद्धभूषणनं खरं सांगितलं नाय. जुनी गाडी, घाण साचली होती, म्हणाला.

"म्हणजे मीच लक्ष दिलं नाय," म्हातारा म्हणाला अन् फोन ठेवला.

त्याला जेवण गेलं नाय. हीटरची परीक्षा थंडीतच होते, म्हणून अकरा चाळीसला त्यानं गाडी काढली. करमाडच्या दिशेनं. इंजिन किती तापलं ते दाखवणारा काटा मधोमध आला. तोंडावर छान गरम वारा. काम फत्ते. त्याला वाटलं, झालं आता, कशाला जुनं उकरायचं?

शेंद्रा मागं पडलं.

डावा हात गार पडला. त्यानं डावीकडच्या जाळीपुढं तळवा धरला. बर्फासारखा वारा. उजवीकडून गरम. डावीकडून गार... एकाच पंख्याचा.

डावी काच धुरकटली. उजवी स्वच्छ होती. शेजारची सीट रिकामी होती. त्यानं दोनदा बघितलं.

मग आवाज आला. कडकड... कडकड... कोणाचे तरी दात वाजत होते. त्याचे नव्हते. त्यानं दात घट्ट आवळले होते.

गाडी कडेला लावली. इंजिन बंद केलं. कडकड... थांबेना.

"बाई..." तो म्हणाला. "ते मी काढलं होतं."

कडकड...

"मी सांगतो त्यांना. आत्ताच जातो."

...

सगळं गप्प. त्यानं किल्ली फिरवली. दोन्हीकडून गरम वारा आला.

सव्वाबाराला त्यानं करमाडला दार वाजवलं. म्हातारा जागाच होता. बुद्धभूषणनं ओट्यावर उभं राहून सगळं सांगितलं, एक शब्द लपवला नाय. तात्यासाहेब धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत म्हणाले, "दोन वर्षं मी स्वतःला खात होतो रे." शिवी दिली नाय, हात उचलला नाय. नुसतं म्हणाले, मला तिच्या जागेवर बसू दे.

बुद्धभूषणनं डावं दार उघडलं. टॉर्च मारला.

पाय ठेवायच्या जागी थर्मोस्टॅट पडला होता. जुना. कडेला खोल खाच. सहा वर्षांमागं भंगारात गेलेला. त्यानं उचलला अन् चटका बसून खाली टाकला. जो मिटून अडकला म्हणून काढला होता, तो सताड उघडा होता.

तात्यासाहेबांनी तो घरात खिडकीत ठेवलाय. परवा पहाटे मी तिथं होतो, अंगावर काटा येईल अशी थंडी. हातात घेऊन बघितला. अजून मिटलेला नाय. अन् कोमट आहे.