नवव्या गल्लीची पाटी

पुतण्या, ठेव तो डबा खाली. ठेव म्हणतो ना! गिऱ्हाईक मोडायची मला हौस नाही. चाळीस वर्षं रंगाचं दुकान चालवतोय, अर्ध्या रात्री उठून लोकांना टर्पेंटाइन दिलंय. पण किल्लीवाल्याच्या गल्लीत दिवस मावळल्यावर आपल्या दुकानाचा माणूस जात नाही. तुझ्या बापाला हे ठाऊक आहे, तुला सांगायचं राहून गेलं. शटर अर्धं ओढा रे, आणि बसा तिघंही. आणि तू त्या चौकटीला टेकू नकोस. इकडे स्टुलावर ये.

हसताय? हसा. भुताखेतांवर माझाही विश्वास नाही. माझा विश्वास मापावर आणि रंग सुकायच्या वेळेवर. ही गोष्ट अर्धी माझ्या डोळ्यांदेखत घडली. उरलेली अर्धी ज्याच्यावर बेतली त्याने मला तीनदा सांगितली, आणि तिन्ही वेळा शब्द इकडचा तिकडे झाला नाही. खोटं बोलणारा माणूस दुसऱ्या खेपेला मीठमिरची लावतो. हे मला गिऱ्हाइकांनी शिकवलंय.

पाट्या रंगवणारा होता तो. सगळे त्याला पेंटरच म्हणत. अक्षर असं की दुकान मोडकं असलं तरी पाटीकडे बघून माणूस आत शिरावा. डावखुरा होता, म्हणून अक्षरांवरची रेघ उजवीकडून डावीकडे ओढायचा. अगदी शेवटी, एका दमात, श्वास रोखून. फक्त ऱ्हस्व-दीर्घाशी त्याचं जुनं वैर. आणि सासरा नेमका शाळामास्तर! दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. जावयाची नवी पाटी दिसली की मास्तर खिशातून खडू काढून तिथल्या तिथे चूक दुरुस्त करायचे. पेंटर म्हणायचा, "मामा, लोक पाटी वाचायला येतात, परीक्षा घ्यायला नाही."

अकरा वर्षांपूर्वी वॉर्ड ऑफिसने ठरवलं की आपल्या वस्तीतल्या नऊ गल्ल्यांना नव्या पाट्या करायच्या. वर गल्लीचं नाव आणि खाली एका ओळीत ते कसं पडलं ते. रंगवायचं काम पेंटरला मिळालं, आणि कारणं गोळा करायचं काम मास्तरांनी आपणहून घेतलं. निवृत्त माणूस, हातात वही, दारोदार विचारत हिंडायचे. कोळसा गल्लीत वखार होती, ते सोपं. घड्याळ गल्लीत एक घड्याळजी होता. त्याच्या दारावरचं घड्याळ सात मिनिटं पुढे, म्हणून आख्खी गल्ली सात मिनिटं आधी जेवायची. बहिऱ्याच्या गल्लीतला बहिरा तर बहिरा नव्हताच. बायकोच्या बोलण्याला कंटाळून झाला होता, आणि ती गेल्यावर तेराव्या दिवशी त्याला ऐकू यायला लागलं. मास्तर हे सगळं इथे, या काउंटरला टेकून रंगवून सांगायचे.

आठ झाल्या. नववी अडली.

किल्लीवाल्याची गल्ली म्हणजे बोळच. दोन्ही अंगांना तीन-तीन घरं, टोकाला एक, आणि पुढे रस्ता नाही. त्या सात घरांत किल्ल्या बनवणारा कधी राहिलाच नव्हता. मला आठवत नाही, माझ्या वडिलांनाही आठवत नव्हता. मास्तर दोनदा जाऊन आले. म्हणाले, "विचित्र लोक आहेत शेठ. दारात माणूस आला तर पाणी विचारत नाहीत, आधी धंदा विचारतात. तुम्ही कोण, काय करता. सहा घरांनी माहीत नाही म्हणून दार लावलं. टोकाच्या घरातून मात्र म्हणाले, रात्री या, आमचे आजोबा रात्री जागे असतात, ते सांगतील."

पेंटर रंग घ्यायला आला होता, त्याने ऐकलं. म्हणाला, "मामा, एवढे कष्ट कशाला? आठ गोष्टी घरबसल्या रचल्यात, तशी नववीही रचा."

झालं! मास्तर लालबुंद. "मी रचल्या? जावईबापू, मी चौतीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवलं! आज रात्री जातो आणि खरं कारण घेऊनच येतो. तुम्ही या आपले डबे घेऊन. आणि 'किल्ली'तला पहिला 'कि' ऱ्हस्व असतो, तेवढं लक्षात ठेवा."

आम्ही हसलो. मीही हसलो.

तारीख एकोणीस नोव्हेंबर. मंगळवार. रात्री पावणेदहाला पेंटर दुकानात आला. दिवसा त्या पाटीच्या भिंतीला टेम्पो लागलेले असतात, आणि सकाळी नऊला साहेब पाट्या बघायला येणार, म्हणून काम रात्रीच उरकायचं होतं. मी त्याला दोन डबे दिले. लवकर सुकणारा पांढरा, अर्ध्या तासात हात लावता येतो असा. आणि काळा, तो आठ तासांत सुकतो. दोन्ही सीलबंद. तो म्हणाला, "मामा साडेनऊलाच गेलेत तिकडे. बायकोने बजावलंय, बाबांना बरोबर घेऊनच या, त्यांना रात्रीचं नीट दिसत नाही."

दहा वाजून पाच मिनिटांनी तो पाटीखाली पोचला. पत्र्याची जुनी पाटी, गल्लीच्या तोंडावर, भिंतीत ठोकलेली. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड पाटीपर्यंत येत होता, आत गल्लीत नाही. टोकाच्या घरात मिणमिणता उजेड होता. मास्तरांचा आवाज ऐकू येत होता. शब्द नाहीत, नुसता आवाज. पेंटरला बरं वाटलं.

तो पाटी खरवडायला लागला. पाटी रंगवायची रीत अशी, जुन्या नावावर आधी पांढऱ्याचा हात मारायचा आणि त्यावर नवं नाव लिहायचं. पण जुना रंग पोपडे धरून होता, तो काढणं भाग होतं. 'किल्लीवाल्याची गल्ली' निघालं. खाली पांढरा. पांढऱ्याखाली आणखी एक नाव. 'पोस्टमनची गल्ली.'

तो थांबला. पुन्हा खरवडलं. 'सुईणीची गल्ली.' त्याखाली 'दूधवाल्याची गल्ली'.

तुम्हाला यात काही वाटणार नाही. त्याला वाटलं, कारण त्याचा तो धंदा. ती अक्षरं कुठल्याच पेंटरची नव्हती. चारही नावं चार वेगळ्या हातांची. वेडीवाकडी, थरथरती. जन्मात पहिल्यांदा ब्रश धरलेल्या माणसाने लिहावीत तशी.

आणि मग दुसरी गोष्ट त्याच्या ध्यानात आली. किल्लीवाला, पोस्टमन, सुईण, दूधवाला. यातलं गल्लीत राहणारं कोणीच नाही. ही सगळी दारात येणारी माणसं. बाहेरून काम घेऊन येणारी...

त्याने हाक मारली. "मामा!"

आतला आवाज थांबला.

"मामा, चला. उशीर झालाय."

"आलोच." मास्तरच बोलले. आवाज शांत होता. "एवढं लिहून होऊ द्या."

पेंटर दोन पावलं आत गेला. गल्लीतली सहाही दारं उघडी होती. थोडी थोडी, बोटभर. येताना बंद होती. दारांमागे उजेड नव्हता... पण माणसं होती. श्वास ऐकू येत होते.

डावीकडच्या दारातून कोणीतरी विचारलं, "तुम्ही कोण?"



उजवीकडून. "काय करता तुम्ही?"

त्याच्या जिभेवर शब्द आला होता, म्हणे. रोजचाच शब्द. पण त्याने दात आवळले. खरवडायची पट्टी अजून हातात होती... तिच्यावर तीन नावांची खपली होती.

"मामा..."

"घाई नको, जावईबापू." टोकाच्या घरातून आवाज आला. अगदी हळू. "रेघ राहिलीय."

उजेड गेला.

मग काही नाही.

दहा पस्तीसला त्याने हे शटर बडवलं. हात धरून ओढायलाच लागला. मी बॅटरी घेतली, वाटेत रात्रपाळीचे दोन पहारेकरी घेतले, आणि आम्ही चौघं गेलो. सहाही दारं बंद. वाजवली तर लोक डोळे चोळत बाहेर आले. "कोण मास्तर? इथे कोणी आलं नाही." टोकाच्या घराला कुलूप होतं. गंजलेलं. मी ओढून बघितलं, किल्लीच्या भोकात कोळ्याचं जाळं होतं.

परत फिरलो तेव्हा पाटीवर बॅटरी पडली.

'मास्तरांची गल्ली.'

खाली पांढरा कोरडा, त्यावर काळी अक्षरं चमकत होती. ओली. पाटीखाली माझे दोन्ही डबे होते. मी दोन्ही उचलून बघितले. सील तसंच होतं.

मास्तर सापडले नाहीत. पोलिसांनी पेंटरलाच धरलं. पाट्या कोण रंगवतो? तोच. सासऱ्याशी भांडण कोणाचं झालं? त्याचंच, आणि तेही माझ्यासमोर. पुराव्याअभावी पंधरा दिवसांनी सुटला, पण घरी बायको त्याच्याकडे बघायची ती नजर काही सुटली नाही. "मी म्हटलं होतं, बाबांना घेऊनच या." एवढंच म्हणायची, रोज. आणि खरं सांगतो, संशय मलाही होता. मी त्याला चहा पाजायचो आणि त्याच्या हातांकडे बघायचो.

मग महिन्याभराने, इथे काउंटरखाली विसरलेली मास्तरांची वही माझ्या हाती आली. आठ गल्ल्यांची कारणं त्यात लिहिलेली. मी ती घेऊन भर दुपारी पाटीखाली उभा राहिलो. एकेक अक्षर ताडून बघितलं. 'स्त'ची गाठ, 'ल्ल'ची वळणं, सगळं मास्तरांचं, फळ्यावर असायचं तसं. आणि रेघ डावीकडून उजवीकडे ओढलेली. प्रत्येक शब्दावर वेगळी, मुलांना शिकवतात तशी. नावाखाली कारणाची ओळ नव्हतीच. वहीतही नवव्या गल्लीपुढे त्यांनी एवढंच लिहिलं होतं, 'रात्री विचारणे'.

मी मास्तरांच्या लेकीला वही दाखवली, अक्षर दाखवलं. तिने नवऱ्यावर विश्वास ठेवला की नाही, मला ठाऊक नाही. दोघं गाव सोडून गेले. तो आता ब्रश धरत नाही म्हणतात. कोणी धंदा विचारला तर उत्तर देत नाही, उठून जातो.

वॉर्ड ऑफिसने ती पाटी तशीच राहू दिली. लोकांच्या तोंडी अजून जुनंच नाव आहे. मास्तरांचं नाव घ्यायला कोणाची जीभ वळत नाही.

आता तू सांग. फोनवर पत्ता काय सांगितला त्यांनी? मास्तरांची गल्ली, टोकाचं घर... बरं. एक लिटर पांढरा, आज रात्रीच... आणि? आठवून सांग. आणखी काही विचारलं?

"आणणारा कोण, काय काम करतो."

...तू सांगितलंस?

नाही ना? फोन कटला तेवढ्यात? नक्की?

पांढरा नकोय रे त्यांना. पांढरा त्यांच्याकडे आहे. तेव्हाही होता. त्यांना आणणारा हवाय.

आणि तुला त्या चौकटीला टेकू का दिलं नाही, तेही सांगतो. वही घेऊन गेलो त्या दिवशी मी पाटीला बोट लावून बघितलं होतं. महिना उलटून गेलेला, आठ तासांत सुकणारा रंग. बोटाला काळं लागलं. मी इथे येऊन ते चौकटीला पुसलं, बघ, खिळ्याच्या खाली. त्यावर तीनदा पॉलिश फिरवलंय, सुतार बोलावून लाकूड तासलंय.

मघाशी तू तिथेच टेकला होतास ना?

उजेडात ये. बाही बघू तुझी.

...

नको, पुसू नकोस. जिथे पुसशील तिथे राहील.