दिव्यावर बांधलेली जाळी

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण ही गोष्ट ऐकीव नाही. माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या घरात, तिच्या बाहेरच्या खोलीत घडलेली आहे.

मागच्या थंडीतली. दिवेलागण लवकर व्हायची, ते दिवस.

ताई दवाखान्यात एक्स-रे काढते. घरात ती आणि सासूबाई, दोघीच. भावजी जाऊन वर्ष होत आलं होतं. मागे राहिली होती त्यांची खाऱ्या पाण्याची टाकी. छोटीशीच, उंच कपाटावर ठेवलेली. आत एकच हिरवं प्रवाळ जिवंत होतं. बाकीची एकेक करून गेली.

ते भावजींनी स्वतःच्या हाताने दगडावर चिकटवलं होतं. त्यांच्या हातचं जिवंत असं घरात तेवढंच उरलं होतं.

आणि नेमका टाकीवरचा दिवा गेला.

उजेड मिळाला नाही तर प्रवाळ उपाशी मरतं, एवढं ताईला माहीत होतं. त्यापुढचं काही नाही. चांगल्या दिव्याची किंमत ऐकून ती दुकानाच्या पायरीवरूनच परत फिरली. मग सुरू झाली स्वस्तातल्या एलईडीची शोधाशोध. पहिला आणला, तो गोड्या पाण्यातल्या झाडांसाठीचा निघाला. टाकीत शेवाळ माजलं आणि प्रवाळ मिटून बसलं. दुसरा आणला, तो खाऱ्या वाफेने गंजून बंद पडला.

"स्वतः सुटले आणि हे खारं पाणी माझ्या गळ्यात बांधून गेले," टाकीची काच पुसता पुसता ती करवादली. "कुठला दिवा आणायचा, एवढं तरी सांगून जायचं."

"गेलेल्या माणसावर किती चिडशील?" सासूबाई म्हणाल्या.

"असताना तरी चिडायला कुठे सापडायचे? सदा टाकीत डोकं."

तिसरा दिवा मात्र प्रवाळासाठीचाच मिळाला. कुणीतरी वापरून विकायला काढलेला, निळा-पांढरा. ताईने स्टूलवर चढून तो छताच्या आकड्याला टांगला आणि बटण पूर्ण फिरवलं. इतके दिवस उपाशी आहे, जेवू दे पोटभर.

दोन दिवसांत हिरवा रंग विटला. प्रवाळाची टोकं पांढरी पडली.

तिसऱ्या दिवशी ती कामावरून आली, तर...

दिव्याच्या तोंडावर जाळी बांधलेली होती.

मच्छरदाणीचा तुकडा. वर रबरबँड.

"आई, दिव्याला तुम्ही हात लावला?"

"माझे गुडघे बघ, तो स्टूल बघ आणि मग विचार."

ताईने जाळी ओढून काढली. दुसऱ्या दिवशी सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. घराला कुलूप लावून दोघी गेल्या. परत येऊन कुलूप उघडलं...

जाळीचे दोन थर होते.

घरात मच्छरदाणी नव्हतीच. खिडक्यांना तारेची जाळी होती, ती जागच्या जागी.

दुसरी कुणी असती तर तिची बोबडी वळली असती. ताईचं डोकं फिरलं. आधीच मेहनत करून दिवा मिळवावा आणि कुणीतरी येऊन त्यालाच झाकावं? तिने दोन्ही थर ओरबाडून कचऱ्यात टाकले.

पुढच्या संध्याकाळी दोघी स्वयंपाकघरात मटार सोलत होत्या. बाहेरच्या खोलीतून टाकीच्या पंपाची बुडबुड ऐकू येत होती. ती चोवीस तास चालूच असते.

ती थांबली.

मग... स्टूल सरकल्याचा आवाज.

मग काहीच नाही.

मग रबर ताणून सोडल्यासारखा आवाज. स्टूल पुन्हा सरकला. पंप सुरू झाला.

भावजी टाकीचं काहीही करायचं असलं की आधी पंप बंद करायचे.

"आज लवकर आला," सासूबाई मान वर न करता म्हणाल्या.

आणि त्यांचा हात शेंगेवरच थांबला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

दिव्यावर तीन थर होते. स्टूलवर पाण्याचे थेंब होते. दाराची कडी आतून लावलेली.

ताईने त्या महागड्या दिव्याच्या दुकानदाराला गाठलं. जाळीचं सांगितलं नाही, फक्त प्रवाळ पांढरं पडतंय म्हणाली.

"नवा दिवा एकदम पूर्ण सोडलात? भाजलं ते. बटण कमी ठेवायचं, नाहीतर जाळीचे थर बांधायचे आणि आठवड्याला एक काढायचा. उजेडाची सवय लावावी लागते."

"हे आधी सांगायला तोंड धरलं होतं कुणी?"

"तुम्ही किमतीशिवाय काही विचारलंच नाही."

ताईने मग जाळीला हात लावला नाही. आठवडाभराने एक थर आपोआप कमी झाला. पुढे दुसरा. प्रवाळ पुन्हा उमललं, हिरवंगार झालं. ती कामावरून आली की चपला काढायच्या आधी दिव्याकडे बघायची. पंप थांबला की स्वयंपाकघरातूनच ड्यूटीच्या तक्रारी मोठ्याने सांगायला लागायची. उत्तर यायचं नाही. पण कुणीतरी ऐकतंय असं तिला वाटायचं.

मग शेवटचा थरही गेला.

त्यानंतर पंप थांबला नाही. स्टूल हलला नाही. कितीतरी संध्याकाळी ती नुसती कान देऊन बसली.

गेल्या आठवड्यात मी तिच्याकडे गेलो. दारातच डोळे दिपले. टाकीवर नवा दिवा होता, आधीच्यापेक्षा मोठा. बटण पूर्ण फिरवलेलं. खाली प्रवाळ अर्ध्याहून जास्त पांढरं झालं होतं.

"ताई, हे मरेल."

"माहीत आहे मला."

"मग?"

"त्यांचं कोरल मारतेय मी. आता तरी येतील की नाही?" ती चिडून म्हणाली आणि तिचे डोळे भरले. सासूबाई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून होत्या.

मी बरंच समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी उठलो. बाहेर येऊन दार ओढून घेतलं आणि बूट घालायला वाकलो.

आत पंप थांबला.

मी तसाच वाकून राहिलो...

"एवढा उशीर करतात होय?" ताई आतून कुणाला तरी रागावून म्हणाली.

मी बेल वाजवली नाही. बुटाचे बंदही न बांधता जिना उतरलो. ताईचा त्यानंतर फोन आलेला नाही, आणि मी करायचं म्हणतो, पण माझा हात धजत नाही.