लाल मातीवरची खूण

जानेवारीतला पाऊस म्हणजे न बोलावता आलेला पाहुणा. वसाहतीतल्या लाल मातीच्या टेनिस कोर्टावर तो भल्या सकाळी उतरला आणि प्रणोती रॅकेट जॅकेटखाली धरून पत्र्याच्या शेडकडे पळाली. शेडमध्ये आधीच एकजण उभा होता. उंच, निम्मा भिजलेला... आणि गळ्यात कॅमेरा. ती पावसातच थांबली.

"आत या ना. भिजून राहिल्या तुम्ही."

"भैया, पहिले तो कॅमेरा पिशवीत टाका."

त्याने मुकाट्याने टाकला. "टाकला. पण भैया काहून?"

"सोयीचं पडतं," ती म्हणाली आणि शेडच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली.

दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं. दिवाळीनंतरच्या स्पर्धेत, उपांत्य सामन्यात, तिचा बॉल रेषेला लागला होता आणि अम्पायरने तो बाहेर दिला. मातीच्या कोर्टावर बॉलची खूण उमटते. खेळाडूने मागणी केली की अम्पायरने खाली उतरून ती पाहायची, अशी रीत आहे. हा उतरलाच नाही. उंच खुर्चीवरूनच म्हणाला, "बेटा, हंसके खेलो. लडकियों को इतना गुस्सा शोभा नहीं देता." मग मात्र तिचा आवाज चढला. तेवढाच व्हिडिओचा तुकडा खेळाच्या बातम्या देणाऱ्या एका पेजवरून शहरभर फिरला, 'तीखी मिर्ची' असं नाव लावून. खाली कमेंटमध्ये लोकांनी तिच्या स्कर्टची लांबी मोजली. त्याच दुपारी एका मुलाने रॅकेट आपटून मोडली, तर त्याच पेजवर लिहून आलं, 'शेर का जज़्बा'.

आणि आता रिछाईच्या कारखान्यांतली एक बूट कंपनी तिच्या वर्षभराच्या दौऱ्याचा खर्च करायला तयार होती. अट एकच. गोड हसून माफी मागायची, व्हिडिओवर. बाबा म्हणाले होते, "माग म्हणत नाही, बेटा. पण दौरा माझ्या पगारात बसत नाही, हेही खरं."

"मी धम्मदीप," तो म्हणाला. "गोहलपूरले स्टुडिओ आहे छोटासा. शनिवारी तुमचा माफीचा व्हिडिओ मीच काढणार."

म्हणजे कंपनीचाच माणूस. प्रणोतीने मनातल्या मनात त्याच्या नावावर फुली मारली.

तो मात्र रोज यायला लागला. व्हिडिओसाठी उजेड पाहायचाय म्हणे! ती सर्व्हिस करी आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून पाही, पिशवी बंद आहे ना. बंदच असायची. एके दिवशी त्याने पनागरहून कोवळे वाटाणे आणले. बाकावर दोघांच्या मध्ये कागद पसरला. ती प्रत्येक शेंग उजेडात धरून बघायला लागली.

"किडका नाही एकही," तो म्हणाला.

"दिसायला तर सगळेच चांगले दिसतात."

"शेंगांबद्दल बोलून राहिल्या ना?"

तिला हसू आलं. ते तिने वाटाण्याबरोबर गिळलं. खरं सांगायचं तर तो तिला आवडायला लागला होता, आणि म्हणूनच ती जास्त सावध झाली होती.

"माफीत मी काय बोलू?" तिने विचारलं.

"बोलूच नका. तुमचं चुकलंच कुठं? तुम्ही तर दोनदा 'सर, प्लीज' म्हणाल्या त्याला, मग—"

प्रणोतीच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्या फिरलेल्या तुकड्यात 'सर, प्लीज' नव्हतंच. तो सुरू व्हायचा तिच्या ओरडण्यापासून.

"तुला कसं माहीत?"

पाऊस नव्हता, वारा नव्हता, त्याला लपायला काहीच नव्हतं.

"मीच काढला होता," तो शेवटी म्हणाला. "पूर्ण सामना. पेजवाल्यांनी मागितला, मी दिला. त्यांनी कापला. खूणही आहे माझ्याकडे, जवळून काढलेली. बॉल रेषेवर होता."

"इतके महिने! आधी काहून नाही सांगितलं?"

"आधी बोललो असतो तर पेजवाल्यांचं काम गेलं असतं. अन् तेव्हा तुला ओळखत नव्हतो. आता... ओळखून राहिलो, म्हणून भीती वाटत होती."

तिने कागद उचलला, सालं कचऱ्यात टाकली आणि निघून गेली. घरी उशीत तोंड खुपसून रडली. त्या अम्पायरसाठी ती कधी रडली नव्हती.

शनिवारी ती आली. त्याने कॅमेरा तिकाटण्यावर लावला, खाली मान घालूनच.

"सुरू कर," ती म्हणाली, "अन् पुढे ये. माझ्या बाजूला उभा राहा. माफी तू माग."

आता हा कारण सांगेल, असं तिला वाटलं. कंपनी, स्टुडिओचं भाडं, घरखर्च. तिने तर उत्तरंसुद्धा तयार ठेवली होती. तो चालत आला, बाजूला उभा राहिला, आपलं नाव सांगितलं. बॉल आत होता हे सांगितलं, खुणेचा फोटो कॅमेऱ्यासमोर धरला. व्हिडिओ आपण दिला आणि कापलेला पाहूनही गप्प बसलो, हेही सांगितलं. मध्ये कुठेच थांबला नाही. मग त्याने तिच्यासमोरच तो व्हिडिओ न कापता, जसाच्या तसा इंटरनेटवर टाकला.

संध्याकाळपर्यंत कंपनीचा फोन आला. तिचा दौरा गेला, त्याचं कामही गेलं. बाबांनी मात्र शेजाऱ्यांना बोलावून तो व्हिडिओ दाखवला.

दुसऱ्या दिवशी तो कोर्टाच्या जाळीबाहेर उभा होता, रिकाम्या हातांनी.

"हे सगळं मला पटवायला केलंस का?" तिने आतूनच विचारलं.

"थोडं," तो म्हणाला. "खोटं काहून बोलू?"

तिने रॅकेट काखेत धरली. मग तिने जाळीचं दार उघडलं.

"बॉल वेचायला माणूस ठेवणं आता परवडायचं नाही मला. येशील रोज?"

"किती दिवस?"

"माझा संशय फिटेपर्यंत."

तो आत आला, पायाशी आलेला बॉल उचलला आणि तिच्या तळहातावर ठेवला. हात मात्र लगेच काढून घेतला नाही.

"मग सावकाश फिटू दे," तो म्हणाला.